संवेदन : भौतिक की अभौतिक (इस्लामी तत्त्वज्ञान)

पाहणे, ऐकणे, आठवणे, कल्पिणे या क्रिया शरीरात घडतात की शरीराहून निराळ्या आत्म्यात (नफ्स), याविषयीचा इस्लामी तत्त्वज्ञानातील वाद. बुद्धीने होणारे ज्ञान अभौतिक असते, हे या परंपरेतील बहुतेक तत्त्वज्ञांना मान्य होते. खरी ओढाताण झाली ती कल्पनाशक्तीवरून (खयाल).

इब्न सीनाने (980–1037) पाच आंतरिंद्रिये (कल्पना, स्मृती यांसारख्या आतल्या शक्ती) मानून त्यांना मेंदूच्या पोकळ्यांत जागा नेमून दिल्या. कल्पनाशक्ती भौतिक असल्याचा त्याचा पुरावा भूमितीतला आहे. मनात एक चौरस आणावा. त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला तंतोतंत सारखे दोन लहान चौरस जोडावेत. आकार तोच, माप तेच, तरी डावा वेगळा आणि उजवा वेगळा जाणवतो. दोन्ही चित्रे शरीराच्या दोन निरनिराळ्या भागांत उमटल्याशिवाय हा फरक येणार नाही, असे तो म्हणतो. याउलट बुद्धीला कळणाऱ्या अर्थाचे तुकडे पडत नाहीत. म्हणून विभागता येणारे शरीर त्याचे अधिष्ठान होऊ शकत नाही.

हा दुसरा युक्तिवाद गझालीने (1058–1111) ‘तहाफुत अल-फलासिफा’ या ग्रंथात इब्न सीनाचेच उदाहरण पुढे करून अडवला. लांडगा दिसताच मेंढीला त्याचे वैर कळते. वैराचे अर्धे-पाव भाग होत नाहीत. तरी ते जाणणारी शक्ती (वह्म) शरीरातच मानायची, तर बुद्धीलाच वेगळा न्याय का? सगळ्या वादातला हा सर्वांत अडचणीचा प्रश्न म्हणावा लागेल.

सुहरावर्दीने (1154–1191) तर दृष्टीविषयीच शंका घेतली : एवढा थोरला डोंगर एवढ्याशा बुबुळात उमटेल कसा?

सतराव्या शतकात शिराझच्या मुल्ला सद्राने सर्वच संवेदन अभौतिक ठरवले. डोळा, मज्जातंतू, मेंदू ही केवळ पूर्वतयारी. प्रतिमा आत्म्यात येऊन साठत नाही, आत्माच ती निर्माण करतो. चौरसांचे कोडेही त्याने याच वाटेने सोडवले : प्रत्येक चौरस आत्म्याने स्वतंत्र घडवलेला असल्याने वेगळेपणासाठी जागेची गरज उरत नाही. यातून कल्पनाशक्ती मृत्यूनंतरही टिकते, असे निघते. कयामतीच्या सदेह पुनरुत्थानाची त्याची उपपत्ती याच आधारावर उभी आहे.

विसाव्या शतकात इराणच्या अल्लामा तबातबाईंनी मज्जातंतूंचे आधुनिक शास्त्र मान्य करूनही डोंगराचा मुद्दा सोडला नाही. मेंदूतील लहान ठशावरून मोठ्या वस्तूचा अंदाज बांधला जातो, हे उत्तर त्यांना पटत नव्हते. कारण अनुभवाला येतो तो थेट मोठा डोंगरच.