ऐनाच्या फांदीला टांगलेला कोसा

फेब्रुवारी-मार्चमध्ये गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या जंगलात ऐन पानं गाळून उभा असतो. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल आणि वर उघड्या फांद्या. नीट पाहिलं तर एखाद्या डहाळीला राखाडी किंवा पिवळसर, अंड्याच्या आकाराचं काहीतरी देठाने लटकलेलं दिसतं. ते फळ नव्हे. ऐनाच्या फळाला पाच पंख असतात. हा टसर रेशीम देणाऱ्या पतंगाचा कोष, म्हणजेच कोसा. पतंगाचं शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिट्टा.

कोसा हातात घेतलात तर आधी त्याचा देठ पाहा. काळपट, चिवट आणि पूर्ण रेशमाचा. वरच्या टोकाला त्याचं कडं होतं आणि ते डहाळीला घट्ट वेढून बसतं. अळी कोष विणते तेव्हा भोवती पानं असतात, त्यांच्याच आडोशाला ती बसलेली असते. तरीही ती कोष पानाच्या भरवशावर सोडत नाही. पानं पुढे गळणार असतात आणि आतल्या कोशिताला, म्हणजे अळीचा पतंग होण्याआधीच्या निश्चल अवस्थेला, त्यानंतर चार-सहा महिने तिथेच काढायचे असतात. या पतंगाचं सगळं वर्षच ऐनाच्या पानगळीवर बेतलेलं आहे.

पावसाळा सुरू झाला, हवेत दमटपणा आला की सुप्तावस्था संपते. पतंग बाहेर येतो तो संध्याकाळी, अंधार पडू लागल्यावर. त्याला जबडे नसतात, त्यामुळे कोष कुरतडणं शक्य नसतं. तो तोंडाजवळून एक पातळ स्राव सोडतो. त्यातलं कोकूनेज नावाचं विकर (एन्झाइम) धाग्यांना चिकटवणारा डिंकासारखा पदार्थ, सेरिसिन, विरघळवतं. देठाकडचं टोक ओलं आणि मऊ होतं, आणि पतंग धागे बाजूला सारत बाहेर पडतो. मूळ धागा, फायब्रॉइन, या विकराने विरत नाही. पण एकदा भोक पडलं की त्या कोषातून सलग धागा निघत नाही, फक्त कातून जाडसर सूत काढता येतं. म्हणून धाग्यासाठी ठेवलेले कोष पतंग निघण्याआधीच उष्णता देऊन मारावे लागतात. भंडारा-नागपूरकडच्या करवतकाठी साड्यांचं टसर असंच येतं.

पंख वाळून ताठ व्हायला थोडा वेळ लागतो. पसरलेले पंख टोकापासून टोकापर्यंत साधारण १५ सेंटिमीटर भरतात. मादी मोठी, जाड पोटाची, पिवळसर किंवा करडी. नर लहान आणि बहुधा विटकरी-तपकिरी. नराच्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, पिसासारख्या रुंद असतात, मादीच्या अरुंद. चारही पंखांवर एकेक डोळा असतो आणि त्याच्या मधोमध अभ्रकाच्या तुकड्यासारखी पारदर्शक खिडकी. तिथे खवलेच नसतात, त्यामुळे पंखापलीकडचं दिसतं.

हा पतंग काहीही खात नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर आठ-दहा दिवस जगतो, तेवढ्यात जोडी जमणं आणि अंडी घालणं उरकतं. मादी गंध सोडते, नर त्या रुंद शृंगिकांनी तो टिपत येतो. जोडी रात्री जमते आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशीपर्यंत सुटत नाही. एक मादी साधारण दीडशे ते अडीचशे अंडी घालते, त्यातली बहुतेक पहिल्या तीन रात्रींत. अंडं चपटं, जेमतेम ३ मिलिमीटरचं, कडेला दोन तपकिरी रेघा असलेलं.

टसर पाळणारे इथे एक पायरी कधीच गाळत नाहीत. अंडी घालून झाल्यावर प्रत्येक मादी वेगळी कुटून तिचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. पेब्रिन हा रोग मादीकडून अंड्यात उतरतो. त्याचे चकचकीत लंबगोल बीजाणू दिसले की त्या मादीची सगळी अंडी जाळून टाकतात. तुतीच्या रेशीमकिड्यांसाठी ही पद्धत लुई पाश्चर यांनी १८६०च्या दशकात फ्रान्समध्ये बसवली. तपासून निघालेल्या अंड्यांनाच रोगमुक्त अंडीपुंज म्हणतात. ही तपासणी टाळली तर अळ्या सुरुवातीला धडधाकट दिसतात, मग लहान-मोठ्या राहतात आणि शेवटी पीक हातचं जातं.

आठ-दहा दिवसांनी, बहुधा सकाळच्या वेळी, अंडी फुटतात. काळ्या डोक्याची, सेंटिमीटरही न भरणारी अळी बाहेर येते. ती पुढे हिरवी होते आणि चार वेळा कात टाकते. पावसाळ्यात हे महिनाभरात उरकतं, थंडीत दोन महिनेही लागतात. आयुष्यभराच्या खाण्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा एकट्या शेवटच्या अवस्थेचा. त्या वेळी अळी दहा-बारा सेंटिमीटरची होते, बाजूला चांदीच्या टिकल्यांसारखे ठिपके असतात आणि डहाळीला खालून ती इतकी पक्की धरते की ओढून काढली तर पाय फाटतात. म्हणून झाडावरची पानं संपली की अळी हातात न धरता डहाळीच कापून दुसऱ्या ऐनावर किंवा अर्जुनावर अडकवतात. कात टाकायला स्थिर बसलेल्या अळीला तर मुळीच हलवू नये. कात अर्धवट अडकते आणि अळी मरते.

शत्रू पुष्कळ. लहानपणी मुंग्या आणि सोंडेने रस शोषणारे ढेकूणवर्गीय कीटक, म्हणून पहिल्या दोन अवस्था नायलॉनच्या जाळीखाली काढतात. मोठेपणी गांधीलमाश्या, कावळे आणि उझी माशी. उझी अळीच्या अंगावर पांढरं अंडं चिकटवते; त्यातला किडा कातडीतून आत घुसतो आणि तिथे काळा डाग राहतो.

वाचलेली अळी पोट रिकामं करते, दोन-तीन पानं धाग्यांनी जवळ ओढते, मग आडोशाबाहेर डोकं काढून कडं आणि देठ विणते आणि परत आत शिरून कोष पुरा करते. विणताना ती पांढरट द्रवही सोडते. त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे कण सेरिसिनमध्ये बसून कवच टणक होतं.

या पतंगाचा विदर्भातला ‘भंडारा’ नावाचा स्थानिक वाण पाऊस ते हिवाळा अशा तीन पिढ्या काढतो. दिवस लहान होत गेले की शेवटच्या पिढीचं कोशित थांबतं. उन्हाळ्यात हे थांबणं कधी मोडतं आणि पतंग एप्रिल-मेमध्येच निघतो. तेव्हा जोडीदार मिळत नाही, अंडी झाली तरी अळीला पान नसतं. बियाण्याचे कोष उन्हाळाभर गार, हवेशीर जागी ठेवतात ते यासाठीच.

जंगलात कोसा सापडला तर तो कानाशी हलवून पाहा. जड लागला आणि आत थप्प असा भरीव आवाज आला तर कोशित जिवंत आहे, डहाळीवरच राहू द्या. हलका असून खडखडला तर आत वाळलंय. देठाकडच्या टोकाला मोठं, मऊ काठाचं भोक असेल तर पतंग उडून गेलाय. भोक लहान आणि गोल असेल तर आतून परजीवी किडा निघालाय.