पाणबुडीला परवडते, जहाजाला का नाही?

खोल विहिरीत डिझेल इंजिन उतरवून सुरू करायचं नाही, हे निपाणी-चिकोडीकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. इंजिनाला तेलाइतकीच हवाही लागते, आणि धूर तळाशी साठला की खाली उतरलेला माणूस गुदमरतो. डिझेलवरच्या पाणबुडीची अडचण हीच आहे. पाण्याखाली ती बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की निदान हवेची नळी तरी पाण्याबाहेर काढून इंजिन चालवावं लागतं, आणि नेमका तेव्हाच शत्रूला तिचा माग लागतो.

अणुभट्टीला हवा लागतच नाही. युरेनियमचं केंद्रक फुटतं, त्या उष्णतेनं पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं. 1 ग्रॅम युरेनियम-235 (युरेनियमचा सहज फुटणारा प्रकार) पूर्ण फुटलं, तर सुमारे 1 मेगावॉट उष्णता दिवसभर मिळते. 1955 मध्ये अमेरिकेची 'नॉटिलस' पाणबुडी अशा भट्टीवर निघाली. आपली 'अरिहंत' पाणबुडी 2016 मध्ये नौदलात आली. तिच्या भट्टीचा नमुना आधी तमिळनाडूत कल्पक्कमला जमिनीवर चालवून पाहिला होता.

मग मोठ्या जहाजांनाही हेच का नको? आपल्या बेळगावहून खानापूर, रामनगर, जोयडा करत कारवारकडं उतरलं, की वाटेजवळ कैगाचं अणुवीज केंद्र आहे. त्याच्या एका भट्टीनं 2018 मध्ये सलग 962 दिवस चालून जागतिक विक्रम केला. आणि कारवारच्या नौदल तळावरचं विमानवाहू जहाज 'विक्रमादित्य' मात्र तेलाच्या बॉयलरवर चालतं! कैगाला नैसर्गिक युरेनियम पुरतं, कारण तिथं जागेची टंचाई नाही. जहाजाच्या पोटात मावेल एवढी लहान भट्टी हवी तर युरेनियम समृद्ध करावं लागतं, म्हणजे त्यातलं युरेनियम-235 चं प्रमाण वाढवावं लागतं, आणि ते महाग पडतं.

बेळगावच्या उद्यमबागेतला फाउंड्रीवाला यंत्र घेताना आधी भांडवल विचारतो. इथं भांडवलच जड आहे. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षकांनी 1998 मध्ये विमानवाहू जहाजाच्या 50 वर्षांचा हिशोब मांडला: तेलावर 1,410 कोटी डॉलर, अणुशक्तीवर 2,220 कोटी. तेल वाचतं खरं, पण बांधणी, मधेच इंधन बदलण्यासाठी काही वर्षं गोदीत थांबणं, आणि शेवटी किरणोत्सारी भाग सांभाळून मोडणं, यात ती बचत बुडते. अमेरिकेनं आपल्या अणुशक्तीवरच्या क्रूझर (मोठ्या युद्धनौका) 1990 च्या दशकात मोडीत काढल्या.

जहाजाला समुद्रात टँकर तेल देऊ शकतो, पण पाण्याखालच्या पाणबुडीला हवा कुणी देऊ शकत नाही. म्हणून 2024 मध्ये सरकारनं दोन अणुशक्तीवरच्या हल्लेखोर पाणबुड्यांना मंजुरी दिली, ते मला पटतं. आपलं दुसरं विमानवाहू जहाज 'विक्रांत' चार गॅस टर्बाइनवर चालतं आहे, त्याला तसंच चालू द्यावं.