स्विफ्टच्या भावकीतली स्पोर्ट्स कार

डिझेलवर स्पोर्ट्स कार असावी की नसावी, हा वाद गाडीवेड्यांत निघाला की ठरलेल्या वाटेनेच जातो. एका बाजूला आवाज, सात हजारांपर्यंत चढणारे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि हलके इंजिन. दुसऱ्या बाजूला टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, आणि अ‍ॅव्हरेज. मग कोणीतरी २००२ च्या पॅरिस मोटर शोमधल्या, ओपेल या जर्मन कंपनीच्या इको-स्पीडस्टरचे नाव काढतो. वजन ६६० किलो, वेग ताशी २५० किलोमीटरच्या वर आणि कंपनीने सांगितलेला खप १०० किलोमीटरला अडीच लिटर. आपल्या भाषेत लिटरला ४०. यावर एक गट ‘कागदावरचे आकडे’ म्हणून मोकळा होतो, दुसरा ‘बघा डिझेलची कमाल’ म्हणतो. आकडे खरे असू शकतात, पण कमाल बहुतांशी डिझेलची नाही.

आधी इंजिन पाहू. इको-स्पीडस्टरमध्ये १.३ लिटरचे, चार सिलिंडरचे कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देणारे) डिझेल होते. फियाट आणि जनरल मोटर्स यांच्या भागीदारीतून आलेले हे इंजिन फियाटने मल्टिजेट म्हणून विकले, ओपेलने सीडीटीआय म्हणून. १२४८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचे हेड, टायमिंगला बेल्टऐवजी चेन. भारतात तेच २००७ मध्ये स्विफ्ट डीडीआयएसमध्ये ७५ पीएस (पीएस म्हणजे अश्वशक्तीसारखे ताकदीचे माप) आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्क घेऊन आले. मारुतीसाठी ते मानेसरला बनत होते. पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा, मांझा यांच्यासाठी पुण्याजवळ रांजणगावला. तळेगावला बनलेल्या शेव्हर्ले बीटचे ९३६ सीसीचे तीन सिलिंडरी डिझेल म्हणजे याच इंजिनातून एक सिलिंडर वजा केलेले; १२४८ चे पाऊण करून बघा. इतक्या गाड्यांत ते बसले की लोक त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले. म्हणजे टॅक्सी स्टँडवर रोज खडखडणाऱ्या इंजिनाचा सख्खा भाऊ अडीचशेने पळत होता. फरक इतकाच की त्याची ताकद ११२ पीएसपर्यंत चढवली होती.

७५ चे ११२ करायला टर्बोचा, म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा दाब वाढवावा लागतो, ती हवा थंड करणारा इंटरकूलर मोठा लागतो आणि इंजेक्टरने त्याच वेळात जास्त डिझेल सोडावे लागते. यात आधी मार खातात पिस्टनचे माथे आणि हेड गॅस्केट, कारण डिझेलमध्ये ज्वलनाचा दाब मुळातच प्रचंड असतो. भारतात विकल्या गेलेल्या पुंटोच्या वरच्या अवतारात व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो होता. तिथे ९३ पीएस आणि २०९ न्यूटन-मीटरवर कंपनी थांबली. घरगुती रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली मापे बदलून, त्याच्या पुढे जाणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये: या इंजिनाची चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो आणि ऑईल जेमतेम तीन लिटर असते. लिटरभर कमी झाले किंवा बदलायला उशीर झाला की सकाळच्या पहिल्या स्टार्टला चेन वाजू लागते. तो आवाज म्हणजे दुरुस्तीची नोटीस समजावी.

तर मग अडीचशेचा वेग आला कुठून? गाडीखालचा सांगाडा लोटस एलिस या हलक्या स्पोर्ट्स कारच्या घराण्यातला, चिकटवून जोडलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा. अंगावर कार्बन फायबर. आणि हवेचा रोध मोजणारा गुणांक, म्हणजे सीडी, ०.२०. त्या काळच्या चांगल्या हॅचबॅकचा तो ०.३२ ते ०.३५ असे. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणून इथे हिशेब मांडल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. समोरचे क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर धरू, चालकासह वजन ७४० किलो. ताशी २५० किलोमीटरला हवेसाठी सुमारे ६४ किलोवॉट, टायरच्या घर्षणासाठी ७-८ किलोवॉट, गिअरबॉक्समधली घट धरून इंजिनाकडून ७८ किलोवॉट. म्हणजे १०६ पीएस. इंजिन ११२ चे. हिशेब जमला. हीच गाडी ०.३५ सीडीची असती, तर त्याच वेगाला १७५ पीएसच्या वर लागले असते.

अ‍ॅव्हरेजचेही तेच. ताशी ९० ला या गाडीला इंजिनाकडून पाच किलोवॉट, म्हणजे सात पीएस पुरतात. त्यात लिटरला ४५ च्या पुढे जाणे अवघड नाही. १३० ला जरी नेली तरी हिशेब लिटरला ३३ च्या आसपास येतो. आता त्याच जातीचे इंजिन अकराशे किलोच्या उंच हॅचबॅकमध्ये घालून १३० ने चालवा: १७-१८. इंजिन तेच, डिझेल तेच, अ‍ॅव्हरेज निम्मे. वादात हा एक आकडा ठेवला तरी पुष्कळ गोंगाट कमी होतो.

डिझेलचा स्वतःचा वाटा कुठे आहे, तेही नीट समजून घ्यायला हवे. स्पोर्ट्स कार तिच्या आयुष्यातला बहुतेक वेळ पूर्ण ताकदीवर चालतच नाही. ९० ने जाताना ११२ पीएसचे इंजिन सात पीएस देते. पेट्रोल इंजिनात अशा वेळी थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ मिटलेले असते आणि इंजिन बरीच मेहनत नुसता श्वास ओढण्यात घालवते. डिझेलला ताकद कमी-जास्त करायला थ्रॉटलची गरज नाही. हवा मोकळी आत येते, फक्त डिझेल कमी सोडले जाते. म्हणून कमी भारावर डिझेलची कार्यक्षमता तितकी कोसळत नाही. दुसरा फायदा थोडा फसवा: डिझेलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्के जास्त ऊर्जा असते, आणि जाळल्यावर एका लिटरमागे कार्बन डायऑक्साइडही तितकाच जास्त. लिटरला किती देते यावर तुलना केली की डिझेलला ही दहा टक्क्यांची सूट फुकट मिळते. फ्रान्समधल्या ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत हे नेमके ओळखले गेले. २००६ मध्ये ऑडीची साडेपाच लिटरची, १२ सिलिंडरी आर१० टीडीआय जिंकली, तशी पुढच्या वर्षी डिझेल गाड्यांची टाकी ९० वरून ८१ लिटरवर आणली गेली.

गिअरिंग हा मात्र डिझेलचा अडचणीचा भाग. साडेचार हजार आरपीएमला दम संपणारे इंजिन अडीचशेपर्यंत न्यायचे, तर वरचा गिअर फार लांब ठेवावा लागतो. चाकाचा घेर १.९ मीटर धरला तर इंजिन आणि चाक यांचे गुणोत्तर दोनच्या जवळ येते. मग ९० ला इंजिन सोळाशेवर फिरते. अ‍ॅव्हरेजसाठी उत्तम, पण १.३ मल्टिजेटचा टर्बो अठराशे-दोन हजारांच्या खाली झोपलेला असतो, हे घाटात स्विफ्ट डिझेल चालवलेल्या कोणालाही सांगायला नको. ओव्हरटेक करायचे तर दोन गिअर खाली. ‘टॉर्क असल्यामुळे गिअर बदलावे लागत नाहीत’ हे दोन लिटरच्या पुढच्या डिझेलला शोभणारे वाक्य आहे.

साध्या गाडीचे डिझेल घ्यायचे आणि त्याला चपळ कवच चढवायचे, ही रीत ओपेलनेच तीस वर्षे आधी वापरली होती. १९७२ मध्ये तिला रेकॉर्ड या कुटुंबवत्सल सेडानमध्ये २.१ लिटरचे डिझेल आणायचे होते. इंजिन इतके उंच की बॉनेटला उंचवटा द्यावा लागला. असे इंजिन विकायचे तर त्याची अब्रू वाढवायला हवी. म्हणून त्याला टर्बो बसवून ९५ पीएस केले, ओपेल जीटीचे छप्पर कापून गाडी एकट्या चालकापुरती बुटकी केली आणि डुडेनहोफेनच्या चाचणी मैदानावर दोन जागतिक आणि अठरा आंतरराष्ट्रीय विक्रम नोंदवले. इको-स्पीडस्टरनेही पुढे तिथेच १७ विक्रम केले.

पण या घराण्यातली खरी थोरली म्हणजे मर्सिडीज सी१११. १९६९ मध्ये ती फ्रँकफर्टला आली तेव्हा तिच्यात वांकेल रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणाऱ्या रोटरचे इंजिन होते. पेट्रोल पिण्यात कुख्यात. १९७३ च्या तेलटंचाईने रोटरीचे भविष्य संपवले आणि नारिंगी रंगाची ती सुंदर गाडी बिनकामाची उरली. अभियंत्यांनी तिच्यात ओएम ६१७ घातले: तीन लिटर, पाच सिलिंडर, ज्या सेडान जर्मनीत टॅक्सी म्हणून धावत त्यांतले. मूळ ताकद ८० पीएस. टर्बो आणि इंटरकूलर लावून ती १९० वर नेली. जून १९७६ मध्ये इटलीतल्या नार्दोच्या गोल ट्रॅकवर ही गाडी ६० तास सरासरी २५२ ने पळाली. त्या काळी डिझेल म्हणजे काळा धूर आणि रांगणारी गाडी, असाच समज होता.

दोन वर्षांनी सी१११-३ आली. हिचे अंगच नवे: अरुंद, लांब शेपटीची, सीडी ०.१८ च्या आसपास. इंजिन तेच, फक्त २३० पीएस. एप्रिल १९७८ मध्ये तिने बारा तास सरासरी ३१४ चा वेग राखला आणि तीनशेच्या वरच्या वेगाला १०० किलोमीटरमागे १६ लिटर डिझेल घेतले. लिटरला सव्वासहा. शहरात रेंगाळणाऱ्या कित्येक अवजड गाड्या यापेक्षा कमी देतात. विक्रमांचा उपयोगही लगेच झाला. त्याच वर्षी अमेरिकेसाठी ३०० एसडी बाजारात आली, टर्बो डिझेल असलेली पहिली उत्पादन प्रवासी कार, ११५ पीएसची. तिच्या पिस्टनच्या तळावर ऑईलचे फवारे मारलेले आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये सोडियम भरलेले; उष्णता बाहेर काढल्याशिवाय टर्बो डिझेल जगत नाही.

त्याही मागे जायचे तर अमेरिकेत. १९३१ मध्ये कमिन्सची डिझेल गाडी इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत एकदाही न थांबता पुरी करून तेरावी आली. १९५२ मध्ये त्याच कंपनीने ६.६ लिटरचे टर्बो डिझेल आडवे निजवून गाडी बुटकी केली आणि पात्रता फेरीत पहिली जागा पटकावली. शर्यतीत ७१ फेऱ्या झाल्या आणि संपले. टर्बोचे हवा ओढणारे तोंड जमिनीलगत होते. ट्रॅकवरच्या टायरच्या रबराचा चुरा त्यात जाऊन बसला.

ओपेलनंतर फोक्सवॅगनने २००५ च्या टोकियो शोमध्ये इकोरेसर आणली. दीड लिटरचे १३६ पीएसचे टीडीआय (टर्बो डिझेल), आपोआप गिअर बदलणारा सात गिअरचा डीएसजी, ८५० किलो, ६.३ सेकंदांत शंभर, वेग २३० आणि खप ३.४ लिटर, म्हणजे लिटरला २९. ही गाडी ओपेलपेक्षा रोजच्या वापराच्या जास्त जवळची होती. हे सगळे खप जुन्या युरोपीय चाचणीचे, हे ध्यानात ठेवावे. त्या चाचणीची सरासरी ताशी ३३-३४ किलोमीटर, १२० चा वेग फक्त काही सेकंद. भारतीय चाचणीत तर कमाल ९० च. सौम्य चाचणीत हलक्या गाड्यांचे अ‍ॅव्हरेज खुलून दिसते.

या दोन्ही गाड्या शोरूममध्ये आल्या नाहीत. कार्बन फायबरचा खर्च हे एक कारण उघडच आहे. दुसरे कारण धुराच्या नळीत आहे आणि ते वादात फारसे कोणी काढत नाही. युरोपच्या उत्सर्जन मानकांतल्या युरो ४ मध्ये डिझेल कारला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती. युरो ५ मध्ये ०.१८, युरो ६ मध्ये ०.०८. तिथे पोचायचे तर काजळी पकडणारा डीपीएफ आणि युरिया फवारून ऑक्साइड मोडणारी एससीआर किंवा ते साठवणारी ट्रॅप यंत्रणा लागते. या सगळ्यांना गरम धूर हवा. ऑक्सिडेशन कॅटलिस्ट दोनशे अंशांच्या आसपास जागा होतो, युरियाची फवारणीही तिथूनच पुढे सुरू करता येते, आणि साठलेली काजळी जाळायला साडेपाचशे-सहाशे अंश लागतात. ९० ने जाताना सात पीएस देणाऱ्या इंजिनाचा धूर तितका गरम असतच नाही. मग मुद्दाम उशिरा जादा डिझेल सोडून तो तापवावा लागतो: अ‍ॅव्हरेज पडते, आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून ऑईलमध्ये मिसळते. डिपस्टिकवर ऑईल वाढलेले दिसले तर खूष होऊ नये. ते पातळ झालेले असते. गाडी जितकी हलकी आणि चपळ, तितका तिचा धूर थंड आणि तितकी सफाई महाग. ज्या गुणामुळे लिटरला ४० मिळतात तोच इथे आडवा येतो.

२००९ मध्ये बीएमडब्ल्यूने फ्रँकफर्टला दाखवलेली व्हिजन एफिशियंट डायनॅमिक्स ही या परंपरेतली शेवटची मोठी डिझेल. तीन सिलिंडरचे दीड लिटर डिझेल १६३ पीएसचे, जोडीला दोन विद्युत मोटर, मिळून ३५६ पीएस, ४.८ सेकंदांत शंभर आणि खप ३.७६ लिटर. सीडी ०.२२, पण बॅटरीसह वजन १३९५ किलो. हीच गाडी २०१४ मध्ये आय८ नावाने विक्रीला आली तेव्हा मागे तीन सिलिंडरचेच, दीड लिटरचेच इंजिन होते. पेट्रोलचे. पुढच्या वर्षी सप्टेंबरात फोक्सवॅगनचा उत्सर्जन घोटाळा उघड झाला आणि डिझेलच्या बाजूने बोलणारेच कमी झाले.

आपल्याकडे एप्रिल २०२० ला बीएस-६ हे उत्सर्जन मानक आले, नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा तीच ०.०८. छोट्या गाडीच्या किमतीत ती सगळी यंत्रणा बसत नव्हती. मारुतीने डिझेल सोडत असल्याचे वर्षभर आधीच सांगितले होते, आणि १.३ मल्टिजेट नव्या मानकांपर्यंत नेलेच गेले नाही.