सवयीला खुंटी लागते

माझे सासरे पंचवटीतल्या वाड्यात होते तोवर रोज पहाटे गंगेवर जायचे. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. बाहेरच्याचा गोंधळ होतो, तो होऊ द्यावा.) रामकुंडात पाय बुडवायचे, गाडगे महाराज पुलापर्यंत जाऊन परतायचे, आणि बुधवार असला तर बाजारातून मेथीची जुडी घेऊन यायचे. असं चाळीस वर्षं. जानेवारीत निफाडकडून गार वारं सुटलं तरी मफलर गुंडाळून जायचेच. मग वाडा पडायला आला आणि आम्ही त्यांना पाथर्डी फाट्याला आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. इथे खाली चालायला ट्रॅक आहे, बाकडी आहेत, गुलमोहराची सावली आहे. महिन्याभरात त्यांचं चालणं बंद.

नवरा रोज म्हणायचा, "बाबा, दहा मिनिटं तरी खाली चक्कर मारा." बाबा म्हणायचे, "उद्यापासून." आम्ही मनातल्या मनात निकाल लावून टाकला: वय झालं, आळस आला. चाळीस वर्षांची शिस्त चार आठवड्यांत कुठे गेली, हे मात्र कोणी विचारलं नाही.

उत्तर चपलांत होतं. वाड्यात काळारामाच्या काकड आरतीची घंटा कानावर आली की बाबा उठायचे. चपला ओट्यावरच. पाय सरकवले की पुढे गल्ली उताराची, थेट नदीकडे. ठरवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. फ्लॅटवर घंटा ऐकू येत नाही, चपला कपाटात, दाराला दोन कड्या, मग लिफ्ट, आणि एवढं करून जायचं कुठे, तर गोल गोल.

सवय आपण माणसाच्या स्वभावात धरतो. 'जित्याची खोड' म्हणतो. मेंदूच्या अभ्यासकांना ती निम्मी माणसात आणि निम्मी त्याच्या भोवतालात सापडते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत अ‍ॅन ग्रेबिएल यांनी उंदरांवर बरीच वर्षं काम केलं. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा बोळ, एका टोकाला चॉकलेट. सुरुवातीला उंदीर धडपडत वाट शोधतो तेव्हा मेंदूच्या खोल भागातल्या, स्ट्रायटममधल्या, पेशी पूर्ण वाटभर खडखडत असतात. वाट अंगवळणी पडली की चित्र बदलतं. बोळाचं दार उघडताना या पेशी जोरात बोलतात, शेवटी एकदा बोलतात, आणि मधल्या वाटेवर बऱ्याच शांत होतात. मेंदूने सगळं काम एका पुडीत बांधलेलं असतं. पुडी सोडायची केव्हा, हे दाराचा आवाज सांगतो.

तो आवाजच बंद झाला तर पुडी तशीच पडून राहते. बाबांचं तेच झालं होतं.

वेंडी वूड या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०११ सालचा एक प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात फजिती आपलीच आहे. सिनेमाला आलेल्या लोकांना पॉपकॉर्न वाटले. काहींना ताजे, काहींना आठवडाभराचे शिळे. ज्यांना थिएटरात पॉपकॉर्न खायची सवय होती त्यांनी शिळेसुद्धा ताज्याइतकेच संपवले. अशाच सवयीचे दुसरे लोक एका बैठकीच्या खोलीत गाण्यांचे व्हिडिओ बघायला बसवले, तर शिळ्याला तोंड वाकडं केलं. आणखी गंमत म्हणजे थिएटरातच, पण नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं, तरी शिळ्याची चव कळायला लागली. म्हणजे खात होती ती अंधारातली खुर्ची आणि उजवा हात. जिभेला कोणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा नवी सवय लावायची म्हणजे मनाला दटावायचं, हे मला आता पटत नाही. आधी खुंटी शोधायची: घरात, दिवसात, आधीपासून ठोकलेली. मग तिच्यावर नवी गोष्ट टांगायची.

किती दिवस टांगायची? एकवीस दिवसांचा मंत्र सगळ्यांना पाठ आहे. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला 'कमीत कमी' एकवीसेक दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण. पुढे 'कमीत कमी' गळालं आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय आली. खरं मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी केलं. ९६ जणांनी आपल्या आवडीचं एकेक काम निवडलं, जेवणासोबत पाणी पिणं किंवा चालायला जाणं असलं, आणि ते १२ आठवडे एकाच खुणेला बांधून केलं. ते आपोआप व्हायला लागायला मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण तोही पाठ करू नका, कारण कोणाला १८ दिवस पुरले आणि कोणाचा हिशेब २५४ दिवसांवर गेला. पाण्याच्या ग्लासापेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला, हे आपणही सांगितलं असतं. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही, हे मात्र सांगितलं नसतं.

त्या अभ्यासातला आलेख नीट बघण्यासारखा आहे. सुरुवातीला तो झपाट्याने चढतो, मग चढ मंदावतो आणि शेवटी सपाट होतो. पहिल्या दहा वेळांत जितकं पदरात पडतं तितकं पन्नासाव्या ते साठाव्या वेळेत पडत नाही. चक्रवाढ व्याजाचा आलेख याच्या बरोबर उलटा: आधी रखडतो, शेवटी उसळतो. रोज एक टक्का सुधारलात तर वर्षात सदतीसपट व्हाल, हा हिशेब तुम्हीही ऐकला असेल. गणित चोख आहे (१.०१ चा ३६५वा घात, उत्तर ३७.८), फक्त माणूस म्हणजे मुदत ठेव नाही. रोज एक टक्का जास्त चालत गेलं तर वर्षअखेरीला दोन किलोमीटरचे पंचाहत्तर होतील. त्यापेक्षा सवयीचा खरा आलेख दिलासा देणारा आहे. सगळ्यात जड दिवस आणि सगळ्यात लाभाचे दिवस एकच असतात, पहिले.

आपल्या गावाची गोष्ट निराळी. टाकळीला समर्थांनी बारा वर्षं पुरश्चरण केलं, रोज नदीत उभं राहून जप आणि शेकड्यांनी सूर्यनमस्कार, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या मापाने एक जानेवारीला स्वतःला मोजायला जातो आणि चार तारखेला रजई ओढून घेतो. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर जानेवारीतली गर्दी आणि मार्चमधली गर्दी बघा.

शरीरासाठी खुंटी शोधायला लांब जायची गरज नाही. ती आपल्या भाषेतच आहे: शतपावली. जेवण, आणि लगेच चालणं. २०१३ साली अमेरिकेत साठीच्या पुढच्या, साखर वाढण्याचा धोका असलेल्या लोकांवर अभ्यास झाला. एका दमात ४५ मिनिटं चालणं आणि तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालणं, दिवसभराच्या साखरेवर दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा निघाला. रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर पंधरा मिनिटांच्या चालण्याने जास्त आटोक्यात राहिली. माणसं दहाच होती, त्यामुळे यावरून औषधं बंद करायची नाहीत. पण कारण समजण्यासारखं आहे. एरवी रक्तातली साखर स्नायूत शिरायला इन्सुलिन लागतं. स्नायू आकुंचन पावू लागला की त्याच्या आत दडलेले साखर वाहून नेणारे रेणू इन्सुलिनची वाट न बघता पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढतात. पोटरी आणि मांडी हे आपले मोठे स्नायू, म्हणून चालणं. जेवून सोफ्यावर बसलो की नेमकी हीच दारं बंद राहतात. आमच्याकडे नियम एवढाच, की ताट घासायला टाकलं की हात पुसतच बाहेर पडायचं. मधे टेकलं की संपलं. कोंडाजीचा चिवडा समोर आला की तेही संपलं, ते वेगळं.

दहा हजार पावलांचं ओझंही उतरवून टाका. तो आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. २०१९ सालच्या अभ्यासात, सरासरी ७२ वर्षांच्या जवळपास १७ हजार बायकांमध्ये, रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचा मृत्युदर बराच कमी दिसला, आणि ७,५०० च्या आसपास फायदा सपाट झाला. इथेही आलेख तोच, आधी चढ, मग पठार.

पैशाकडे वळू. नाशिक रोडला नोटा छापतात. तरी पंधरा तारखेनंतर त्या कोणाच्याच खिशात दिसत नाहीत. आजीने यावर डाळीच्या डब्यांत इलाज काढला होता. तुरीच्या डब्यात दिवाळीचे, हरभऱ्याच्या डब्यात दवाखान्याचे. अमर चीमा आणि दिलीप सोमण यांनी भारतातल्या रोख मजुरीवर जगणाऱ्या मजूर कुटुंबांसोबत जवळपास हेच करून बघितलं. बचतीचे पैसे एका पाकिटात न ठेवता दोन पाकिटांत बंद केले, तर बचत वाढली. पाकिटावर मुलांचा फोटो लावला, तर आणखी हात आवरला. प्रत्येक पाकीट फोडताना पुन्हा एकदा ठरवावं लागतं. सवय लावायला अडथळे काढायचे आणि मोडायला अडथळे घालायचे, एवढंच तत्त्व. यूपीआयने हे सगळे डबे एकत्र ओतून टाकलेत. भाजी, सिनेमा, दवाखाना, सगळं एकाच खात्यातून, एकाच बोटाने. मी वेगळं खातं काढलं आणि त्याचं ॲप मोबाइलवर ठेवलेलंच नाही. आधुनिक तुरीचा डबा.

रोजचे ५० रुपये म्हणजे महिन्याचे १,५००. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत ६.७ टक्के व्याज धरलं तर पाच वर्षांनी साधारण १ लाख ७ हजार होतात. त्यातले ९० हजार आपणच टाकलेले. थेंबे थेंबे तळे साचे खरं, पण पहिली पाच वर्षं थेंबच मोजायचे, व्याजाच्या जादूची वाट बघत बसायचं नाही. नोकरदारांसाठी उत्तम खुंटी पगारवाढीची. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी श्लोमो बेनार्ट्झी यांनी कामगारांना आज एक रुपयाही वेगळा काढायला लावला नाही. पुढच्या पगारवाढीपासून बचतीचा टक्का आपोआप वाढेल, एवढीच संमती घेतली. ४० महिन्यांत बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. अंबड-सातपूरच्या कारखान्यात करार झाला की गाडीचा हप्ता सुरू होतो. तो सुरू व्हायच्या आधी बचतीची सूचना बँकेत गेलेली असावी.

मनाबद्दल थोडक्यात, कारण बाजार तिथे सगळ्यात मोठा आहे. जर्मनीत २०५ जणांना दिवसभर अधूनमधून विचारलं, की आत्ता कसला मोह होतोय आणि तुम्ही तो आवरताय का. २०१२ साली आलेला निष्कर्ष असा, की संयमी माणसं मोहाशी जास्त झुंजत नव्हती, त्यांना झुंजायची वेळच कमी येत होती. मी त्यावरून फोनचा चार्जर उशाजवळून उचलून स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी नेला. रात्रीची झोप तेवढ्यावर सुधारली, ध्यानाच्या तीन ॲपांनी जमलं नव्हतं.

नात्यांत खुंटी शोधावी लागत नाही, ती समोरून चालत येते आणि आपल्यालाच दिसत नाही. जुलैत गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पूर मोजतं. नवरा खिडकीशी उभा राहून म्हणाला, "अगं, मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आलं म्हणे." मी फोनमधून मान न काढता "हं" म्हटलं. त्याला पाण्याची पातळी सांगायची नव्हती हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचं असलंच बारीकसारीक बोलणं टिपलं आणि सहा वर्षांनी पुन्हा चौकशी केली. संसार टिकलेली जोडपी अशा हाकांना १०० पैकी ८६ वेळा ओ देत होती, मोडलेली ३३ वेळा. आकडे अगदी तंतोतंत धरू नयेत, पण फरक केवढा आहे बघा. आणि ओ म्हणजे तरी काय? मान वर करून "छातीपर्यंत? मग नारोशंकराच्या देवळात पाणी शिरलं असेल" एवढं. दहा सेकंद.

बाबांचं पुढे असं झालं. घरकामाच्या मावशी गावी गेल्या आणि कचऱ्याची बादली खाली न्यायचं काम बाबांनी आपणहून उचललं. घंटागाडी सातच्या सुमाराला येते, तिचं गाणं कोपऱ्यावरूनच ऐकू येतं. 'उद्यापासून चालेन' हा बेत नसतो, 'अमुक झालं की तमुक करीन' हा बेत असतो, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी वर्षानुवर्षं सांगितलंय आणि त्यावरच्या ९४ अभ्यासांचा एकत्र ताळेबंदही त्यांच्याच बाजूने आहे. मी यात एवढंच केलं, की बाबांच्या चपला कपाटातून काढून दारात, बादलीशेजारी ठेवल्या. चालण्याचं नाव कोणी काढलं नाही. पहिल्या आठवड्यात बाबा बादली रिकामी करून सरळ वर यायचे. मग गाडीवरच्या पोराशी दोन शब्द. मग खाली आलोच आहोत तर एक चक्कर. दिवाळीपर्यंत चार चकरा झाल्या होत्या.

परवा गाडीला उशीर झाला. बाबा चपला घालून, बादली हातात धरून दारात उभे, कान रस्त्याकडे. "अगं, वाजली का गाडी?"

"नाही अजून, बाबा."

थोडा वेळ थांबले. मग बादली तिथेच ठेवून खाली उतरले.