डेंग्यूत प्लेटलेटपलीकडे काय बघायचं? रक्तवाहिनीच्या अस्तराची पार्श्वभूमी

पावसाळ्यात कोल्हापुरात डेंग्यूचे पेशंट वाढले की सीपीआरसारखं सरकारी रुग्णालय असो की राजारामपुरीतला खासगी दवाखाना, नातेवाइकांचा प्रश्न एकच: "प्लेटलेट किती आल्या?" किवी, पपईच्या पानांचा रस, सगळी धावपळ त्या आकड्यासाठी. आकडा महत्त्वाचा आहेच. पण डेंग्यूत जिवावर बेततं ते बहुतेकदा रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर पाझरू लागल्यामुळे. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बाहेर झिरपतो, रक्त दाट होतं, बीपी ढासळतो.

हे अस्तर म्हणजे एंडोथेलियल पेशींचा एकेरी थर. १८६७ मध्ये युलियुस कोनहाइम यांनी जिवंत बेडकाच्या आतड्याजवळच्या पातळ पडद्यात दाह होताना पाहिला. पांढऱ्या पेशी शिरेच्या भिंतीला चिकटत होत्या आणि तिच्यातून वाट काढत बाहेर पडत होत्या. बदल भिंतीतच होतो, असं त्यांचं म्हणणं. तरीही पुढे कित्येक दशकं या थराकडे निव्वळ वेष्टन म्हणूनच पाहिलं गेलं. पेनिसिलिनवाले हॉवर्ड फ्लोरी यांनी १९६६ मध्येही ही तक्रार केली होती.

अडचण साधी होती. या पेशी प्रयोगशाळेत नीट वाढवता येत नव्हत्या. १९७३ मध्ये एरिक जाफी आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेच्या शिरेतून त्या काढून वाढवल्या, आणि माझ्या मते खरं वळण तिथेच आलं. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवलं की अॅसिटिलकोलीन हे रसायन दिल्यावर सशाची धमनी सैलावते, पण अस्तर खरवडलं गेलं असेल तर सैलावत नाही. सैलावण्याचा हा निरोप अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड देतं हे नंतर कळलं. त्यासाठी १९९८ चं नोबेल मिळालं.

जनुकांची बाजू १९८६ नंतर उलगडत गेली. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन सापडलं, तेही बी-पेशींत, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका प्रकारात. एंडोथेलियल पेशींतला त्याचा वाटा पुढे समजला. एरवी ते केंद्रकाबाहेर अडकवून ठेवलेलं असतं. दाहाचा निरोप आला की ते काही मिनिटांत केंद्रकात शिरतं आणि ई-सिलेक्टिन, आयकॅम, व्हीकॅम यांची जनुकं चालू करतं. पांढऱ्या पेशी चिकटतात त्या यांनाच. कोनहाइमना दिसलेल्या दृश्याचा उलगडा असा शतकाहून जास्त काळाने झाला. विलक्षण गोष्ट म्हणजे हेच प्रथिन स्वतःला रोखणाऱ्या प्रथिनाचंही जनुक चालू करतं, त्यामुळे दाह आवरता येतो.

डेंग्यूत विषाणूचं एनएस-१ प्रथिन अस्तरावरचा साखरयुक्त लेप विस्कटतं, शिवाय दाहाचे रेणू पेशींमधले सांधे सैल करतात. पेशी मात्र मोठ्या प्रमाणावर मरत नाहीत. म्हणूनच पाझर साधारण २४ ते ४८ तासांत थांबतो, आणि तेवढा वेळ सलाइन मोजूनमापून देऊन पेशंटला सांभाळावं लागतं.

हा पाझर सुरू होतो तो ताप उतरताना, घरच्यांना हायसं वाटतं नेमकं तेव्हा. त्या दिवसांत रिपोर्टमधला पीसीव्हीही (रक्तात लाल पेशींचं प्रमाण, म्हणजे रक्त किती दाट झालंय त्याचा आकडा) डॉक्टरांना विचारा. तो मूळ पातळीपेक्षा २० टक्के वाढला, पोट सतत दुखलं, उलट्या थांबेनात किंवा लघवी कमी झाली, तर प्लेटलेट ठीक असल्या तरी लगेच दवाखाना गाठा.