पॉलिएथिलीन ग्लायकॉल

पॉलिएथिलीन ग्लायकॉल (पीईजी, बोलण्यात 'पेग') : एथिलीन ऑक्साइडपासून बनणारे, पाण्यात विरघळणारे बहुवारिक (पॉलिमर). दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन अशी कडी पुन्हापुन्हा जोडत गेली की त्याची साखळी तयार होते. दोन्ही टोकांना हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते. गोव्यातल्या वेर्णा, कुंडईकडच्या औषध कारखान्यांत 'पेग चारशे', 'पेग सहा हजार' ही नावे सहज कानावर पडतात. गोव्यात पेग म्हटल्यावर पाहुण्याला जे आठवते, ते वेगळे.

नावापुढचा आकडा म्हणजे सरासरी रेणुभार. एका कडीचा भार ४४, म्हणून पेग ४०० मध्ये साधारण नऊ कड्या आणि पेग ६००० मध्ये १३५ च्या आसपास. 'सरासरी' म्हणायचे कारण असे, की एकाच पिंपातल्या सगळ्या साखळ्या सारख्या लांबीच्या नसतात. २०० ते ६०० पर्यंतचे प्रकार दाट, रंगहीन द्रव असतात. हजाराच्या आसपासचे पेग हाताच्या उबेने मऊ पडते. ३३५० च्या पुढे पांढरे, मेणासारखे पापुद्रे किंवा पूड मिळते. पेग ६००० चा पापुद्रा ओल्या बोटांत चोळून पाहावा : साबणासारखा बुळबुळीत लागतो आणि नळाखाली हात धरला की निघून जातो. खरे मेण असे जात नाही. साखळीतले ऑक्सिजन पाण्याचे रेणू धरून ठेवतात, त्याचा हा परिणाम. पिशव्यांच्या पॉलिएथिलीनमध्ये ऑक्सिजन नाही, म्हणून ते पाण्याला दाद देत नाही. नावे जुळतात, गुण नाही. पेग ईथरमध्ये मात्र विरघळत नाही.

पाण्याच्या याच ओढीमुळे कमी रेणुभाराचे पेग हवेतला ओलावा शोषते. आषाढ-श्रावणात गोव्यात पिंपाचे झाकण सैल राहिले, की आतल्या मालातले पाण्याचे प्रमाण वाढलेच म्हणून समजावे.

हे संयुग पहिल्यांदा वेगळे करणाऱ्या दोघांपैकी एक मडगावचा होता, हे गोव्यातही फारसे कुणी सांगत नाही. आगोस्तिन्यो व्हिसेंत लोरेंसो पणजीच्या वैद्यक शाळेत शिकून पॅरिसला गेले आणि तिथे शार्ल आदोल्फ व्युर्त्स यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. एथिलीन ग्लायकॉल आणि एथिलीन डायब्रोमाइड बंद नळीत तापवून त्यांनी दोन, तीन, चार अशा वाढत्या कड्यांची संयुगे मिळवली, ऊर्ध्वपातनाने ती वेगळी केली आणि कड्या वाढतात तसा दाटपणाही वाढतो, हे नोंदवले. साल १८५९. त्याच सुमारास व्युर्त्स यांनाही स्वतंत्रपणे हेच पदार्थ मिळाले. हेर्मान श्टाउडिंगर यांनी लांबच लांब रेणूंची कल्पना मांडली ती १९२० साली, आणि ती पचायलाही रसायनशास्त्रज्ञांना पुढे बराच काळ लागला. त्याआधी साठ वर्षे एक गोवेकर साखळीच्या कड्या मोजत होता. लोरेंसो पुढे लिस्बनला प्राध्यापक झाले.

ज्या शाळेतून ते निघाले तिचीच परंपरा आजच्या बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, चालू आहे. रुग्णाची आणि पेगची उघड गाठ पडते ती अशाच इस्पितळांत, मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने तपासणीच्या आदल्या दिवशी. पेगची पूड क्षारांसह दोन लिटर पाण्यात विरघळवून ते पाणी पेला-पेला करून प्यायचे असते. चव खारट, किंचित गुळमट. थंडगार केले तर घशाखाली उतरते. आतडे पेग शोषत नाही आणि तिथले जिवाणूही ते सहसा मोडत नाहीत, म्हणून ते आपले पाणी सोबत घेऊन सरळ पुढे जाते. क्षार मोजून घातलेले असल्याने शरीराचे मीठ-पाणी फारसे ढळत नाही. जुनाट बद्धकोष्ठतेवर तेच पेग थोड्या मात्रेत देतात. लॅक्टुलोज या दुसऱ्या रेचकाने पोट फुगते, तसे याने सहसा फुगत नाही.

मलमांसाठी तर ते आयतेच. पेग ३३५० चे चाळीस भाग, पेग ४०० चे साठ भाग, ६५ अंश सेल्सिअसला वितळवून गोठेपर्यंत ढवळायचे, की धुऊन निघणारे मलम तयार. घट्ट हवे असेल तर पापुद्रे थोडे वाढवतात. गोळ्यांवरचे वेष्टन, डोळ्यांचे थेंब, टूथपेस्ट यांतही पेग असते. प्रथिनाच्या औषधाला पेगची साखळी जोडली, तर मूत्रपिंड त्याला लवकर बाहेर टाकत नाही आणि सुया कमी वेळा टोचाव्या लागतात. असे पहिले औषध अमेरिकेत १९९० साली मंजूर झाले. कोविडच्या फायझर आणि मॉडर्ना लशींतल्या मेदकणांवरही पेग होते. क्वचित कुणाला त्याची तीव्र अॅलर्जी असते.

खरा धोका पेगच्या धाकट्या भावंडांचा. एका कडीचे एथिलीन ग्लायकॉल आणि दोन कड्यांचे डायएथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंड निकामी करतात. १९३७ साली अमेरिकेत डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये बनवलेल्या सल्फाच्या औषधाने शंभराहून अधिक माणसे दगावली. १९८६ मध्ये मुंबईत भेसळीच्या ग्लिसरीनने चौदा. पातळ पेगमध्ये ही दोन्ही अंशरूपाने राहू शकतात, म्हणून ती मोजल्याशिवाय माल औषधात वापरायचा नसतो. पिंपावरचे लेबल पुरेसे नाही.

औषधाबाहेरच्या उपयोगांत जुने ओले लाकूड टिकवणे हा सर्वांत नाट्यमय. १६२८ साली बुडालेले 'वासा' हे स्वीडिश जहाज १९६१ मध्ये वर काढले, तेव्हा ते तसेच वाळू दिले असते तर तडकले असते. म्हणून सतरा वर्षे त्याच्यावर पेगचे पाणी फवारले. पेशींतल्या पाण्याची जागा हळूहळू पेगने घेतली. गोव्याजवळ सुंची खडकावर दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला बुडालेल्या जहाजाच्या तोफा, हस्तिदंत आणि चिनी मातीची भांडी मिळाली. लोखंडी तोफेचे उपचार वेगळे; पेग लागते ते लाकडाला. पेगनेही लाकडाचा प्रश्न कायमचा सुटत नाही : २००० च्या सुमारास 'वासा'च्या लाकडात गंधकापासून आम्ल तयार होत असल्याचे दिसले, आणि लाकडात मुरलेले लोह त्याला हातभार लावत होते.