तारेचा पीळ

भोसरी एमआयडीसीत ओळखीचं एक वर्कशॉप आहे. दिवाळीची सुट्टी संपवून माणसं परत आली, तर संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आपलं ‘होम’, म्हणजे मोजणी सुरू करायची ठरलेली जागा, विसरून बसलेलं. बिघाड म्हणावा असा नव्हताच. वीज बंद असताना एन्कोडरला (दांडा किती फिरला हे मोजणाऱ्या सेन्सरला) जागं ठेवणारी छोटी लिथियम बॅटरी सुट्टीत संपली होती आणि स्क्रू किती फेरे फिरून थांबला होता ही नोंद तिच्याबरोबर गेली. रेफरन्स पुन्हा लावण्यात अर्धी पाळी वाया गेली.

एका फेऱ्यात दांडा कोणत्या कोनात उभा आहे, हे वीज आल्यावर एन्कोडरला वाचता येतं. आतापर्यंत एकूण किती फेरे झाले, हे मात्र वाचून कळत नाही. ते मोजत राहावं लागतं; वीज नसताना कुणी हाताने दांडा फिरवला तर तेव्हाही. मग दांड्यावर चुंबक बसवून त्याच्याकडूनच प्रत्येक फेऱ्याला थोडी वीज का घेऊ नये? सुचायला सोपी गोष्ट आहे, पण जमायला दीडशेहून जास्त वर्षं लागली, आणि जमली ती पीळ दिलेल्या एका तारेमुळे.

अडचण काय ती पुण्यात सायकलवर शाळा-कॉलेज केलेल्यांना पायांतून ठाऊक आहे. रात्री बिनदिव्याची सायकल दिसली की हवालदार अडवायचा, म्हणून टायरला घासणारा डायनॅमो लावायचा. उतारावर दिवा झगझगीत, आणि चढ लागला की विझल्यात जमा. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेला नियमच तसा आहे. कॉइलमधून जाणारं चुंबकत्व जितक्या झपाट्याने बदलेल तितका व्होल्टेज जास्त. दांडा तासाभरात एखादाच फेरा सरकला, तर साध्या कॉइलला त्याचा पत्ताही लागत नाही.

स्कूटरच्या जमान्यातही हेच दुखणं वेगळ्या रूपात होतं. ठिणगीची वेळ आधी ‘प्लॅटिनम पॉइंट’, म्हणजे उघडमीट करणारे संपर्क, सांभाळायचे. त्यांना घासकागद मारणं हे गॅरेजातलं रोजचं काम. पुढे सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) आलं आणि पॉइंटांची जागा पल्सर कॉइलने घेतली. (बाइकच्या नावाशी गल्लत नको.) फ्लायव्हीलवरचा उंचवटा कॉइलसमोरून गेला की तिच्यात पल्स उठते. घासणारं काही नाही, झिजणारं काही नाही. पण किक अर्धवट बसली तर पल्सही अर्धवट, आणि ठिणगी पडत नाही.

दुसरे मार्ग होते. एडविन हॉलने १८७९ मध्ये दाखवलेला परिणाम चुंबक हलत नसला तरी चुंबकत्व ओळखतो, म्हणून हॉल सेन्सर आज गाड्यांत जागोजाग सापडतो. पण त्याला बाहेरून वीज पुरवावी लागते. बेल लॅब्जमध्ये १९३६ साली वॉल्टर एलवुड यांनी बनवलेला रीड स्विच चुंबक जवळ आला की आपोआप मिटतो, पण तो स्वतः वीज तयार करत नाही, आणि त्याचे संपर्क कधीतरी झिजतात.

खरी वाट निघाली ती एका खरखरीतून. १९१९ मध्ये हाइनरिक बार्कहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने लोखंडाभोवती कॉइल गुंडाळली, ती अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि चुंबक सावकाश जवळ नेला. चुंबक एकसंध गतीने सरकत होता, तरी कानावर सलग आवाज न येता बारीक टकटक आली. लोखंडाचं चुंबकत्व गुळगुळीत बदलत नाही, ते झटक्याझटक्याने उड्या मारतं. धातूच्या आत लहान लहान चुंबकीय प्रदेश असतात असं पिएर वाइस यांनी १९०७ मध्ये मांडलं होतं. त्या प्रदेशांच्या भिंती अडकतात, मग सुटतात, तोच तो आवाज. एकेक उडी इतकी बारीक की तिच्यावर दिवा सोडा, काहीच चालणार नाही. मात्र १९३१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत सिक्स्टस आणि टाँक्स यांनी निकेल-लोखंडाची तार ताणून धरली, तेव्हा सगळे प्रदेश एकाच मोठ्या उडीत उलटले. एका टोकाला सुरू झालेली भिंत तारेतून धावत दुसऱ्या टोकाला गेली, आणि तिचा वेगही त्यांनी मोजला. तार कायम ताणून धरावी लागत होती, एवढंच काय ते उणं.

ते उणं भरून काढणारा माणूस संगीताचा होता. जॉन विगंड मूळचा जर्मन. १९३० च्या दशकात तो अमेरिकेत गेला आणि ज्युलियर्डमध्ये पियानो आणि समूहगान संचालन शिकला. ध्वनिवर्धकांच्या नादातून तो बार्कहाउझेनच्या खरखरीपाशी पोहोचला. त्याने ताण तारेच्या आतच कोंडला. कोबाल्ट, लोखंड आणि व्हॅनेडियम यांचा विकॅलॉय नावाचा मिश्रधातू. त्याची पाव मिलिमीटर जाडीची तार घ्यायची, पीळ द्यायचा, पीळ उलगडायचा, पुन्हा द्यायचा, आणि शेवटी तापवून मुरवायची. वरून पाहिलं तर सरळ, साधी तार. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं आत काहीतरी उरलेलं असतं. बाहेरचं कवच चुंबकीयदृष्ट्या कठीण, हट्टी होतं. आतला गाभा मऊ राहतो. (अलीकडचे काही संशोधक नेमकं उलटं मांडतात, गाभा कठीण आणि कवच मऊ. दोन थर दोन स्वभावांचे, यावर मात्र एकमत आहे.)

चुंबक जवळ येतो तसा मऊ भागावरचा जोर वाढत जातो, पण कठीण भाग त्याला धरून ठेवतो. ठरावीक मर्यादा ओलांडली की मऊ भाग एका दमात उलटतो. भोवतीच्या कॉइलमध्ये दहा-वीस मायक्रोसेकंदांची टोकदार पल्स उठते. चुंबक सेकंदाला शंभर वेळा आला काय किंवा दिवसातून एकदा आला काय, पल्स जवळपास तेवढीच, कारण उडीचा वेग तार ठरवते. सायकलच्या डायनॅमोला जे कधी जमलं नाही ते इथे जमलं, तेही बाहेरून वीज न घेता. विगंडला १९७० च्या दशकात पेटंट मिळालं.

मोटारीच्या सुट्या भागांतली अमेरिकन कंपनी एक्लिन या तारेमागे उभी राहिली. इंजिनाच्या ठिणगीची वेळ साधायलाही ती आजमावली गेली, पण स्वस्त होत गेलेल्या हॉल सेन्सरसारख्या सेमीकंडक्टरपुढे गाडीत तिचं बस्तान बसलं नाही. नाव झालं ते कार्डाने उघडणाऱ्या दारावर. प्लास्टिकच्या कार्डात तारेचे तुकडे दोन ओळींत बसवायचे. एका ओळीतली तार म्हणजे शून्य, दुसरीतली म्हणजे एक. कार्ड फटीतून ओढलं की रीडरमध्ये पल्सांची माळ. कार्डात वीज नाही आणि नक्कल करायची तर आधी तशी तार हवी. आज पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात अ‍ॅक्सेस कंट्रोलचा रीडर घ्यायला जा, त्याच्या पाठीवर डी-झीरो आणि डी-वन अशा दोन वायरी असतात, आणि दुकानदार ‘विगंड आउटपुट’ म्हणून सांगतो. हिंजवडीच्या आयटी पार्कच्या गेटवर रोज टॅप होणाऱ्या कार्डात ती तार केव्हाच नाही, आत चिप आणि अँटेना असते. तरी २६ बिटांची जुनी मांडणी अनेक ठिकाणी टिकून आहे: ८ बिट जागेच्या क्रमांकाला, १६ कार्डाच्या, २ पडताळणीला. वस्तू गेली, नाव राहिलं. आपल्याकडे पेठांच्या नावांत वार राहिले, बाजार हलले, तसंच.

तारेला दुसरा जन्म एन्कोडरमध्ये मिळाला, आणि आकार लहान करण्याची खरी कसोटी इथेच लागते. तार आखूड केली की तिच्या दोन टोकांचे ध्रुव जवळ येतात आणि आतल्या चुंबकत्वालाच विरोध करू लागतात. मोठी उडी मग विस्कटून पुन्हा बार्कहाउझेनची खरखर होते. म्हणून टोकांना फेराइटचे मणी बसवतात. ते बाहेरचं क्षेत्र गोळा करून तारेच्या लांबीभर सारखं पसरवतात. कॉइलचे वेढे हजाराच्या घरात. वाढवावेत तर व्होल्टेज वाढतो, पण रोधही वाढतो आणि जागाही जाते. इतकं करून एका पल्समधून मिळतात साधारण २०० नॅनोज्यूल. तेवढ्यात कपॅसिटर भरायचा, मोजणीची चिप उठवायची, जुना आकडा वाचायचा, एक मिळवायचा किंवा वजा करायचा आणि वीज संपायच्या आत लिहून ठेवायचा. कमी ऊर्जेत लिहिता येणारी आणि वीज गेली तरी न विसरणारी एफरॅम स्मृती आली तेव्हा हा हिशेब बसला. दिशा ओळखायला त्याच पल्सवर क्षणभर जागा होणारा हॉल सेन्सर जोडता येतो. ज्याच्यासमोर तार गाड्यांत हरली होती तोच इथे तिच्या विजेवर चालतो.

असे बिनबॅटरीचे एन्कोडर आता बाजारात मिळतात. भोसरीतल्या त्या मशीनवर अजून जुनाच आहे. दिवाळीनंतर कॅबिनेटच्या दारावर आतून मार्करने एक ओळ लिहिली आहे: ‘बॅटरी मशीन चालू ठेवूनच बदलणे’, आणि खाली तारीख.